यादीतलं नाव शिवप्रसाद

राजेश्वर, ता. बसवकल्याण
२२ सप्टेंबर २०२५

सौ. नागूबाई शिवप्रसाद बिरादार, मु. जनवाडा, यांस,

राजेश्वरहून अंकुशराव बिरादार याचा नमस्कार. एकावन्न वर्षांनी लिहितो आहे, म्हणून आधी ओळख सांगतो. मी तुमच्या पहिल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. तुम्ही आमचं घर सोडलं तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. आता अडुसष्ट आहे. तुमची नात ज्योती हिच्या फोनवर मी दोनदा बोललो. तुम्हाला ऐकू आलं ते असं, की मी नातवाचं स्थळ घेऊन आलोय. म्हणून पत्र.

काम असं आहे. आमची पंचायत शाळेच्या मैदानात लढाईत गेलेल्यांच्या नावाचा दगड बसवायली आहे. सोळा डिसेंबरला कार्यक्रम. गावातून तिघं गेले, त्यांची यादी बीदरहून आली. तिसरं नाव आहे शहीद शिवप्रसाद बिरादार, सन १९७१.

पंचायतीचे अध्यक्ष रेवणसिद्धप्पा यांनी यादी वाचली आणि मला विचारलं, "अंकुशराव, हा शिवप्रसाद तर जनवाड्यात हाय न्हवं?"

मी म्हटलं, व्हय.

मी पंचायतीला अर्ज देणार आहे. मसुदा असा: "सन १९६८ मध्ये बीदरला फौजेची भरती होती. माझा थोरला भाऊ माणिक आणि चुलत भाऊ शिवप्रसाद दोघे गेले. माणिकची छाती भरली, पण त्याच्याकडे शाळेचा दाखला नव्हता. शिवप्रसादकडे सातवी पासचा दाखला होता, पण छाती एक इंच कमी पडली. तेव्हा शिवप्रसादने आपला दाखला माणिकला दिला आणि माणिक त्या नावाने भरती झाला. १० डिसेंबर १९७१ रोजी बंगालच्या बाजूला तो कामी आला. तरी दगडावर त्याचे खरे नाव माणिक असे कोरावे."

यात चूक असेल तर कळवा. पुरावा म्हणून दोन गोष्टी हव्यात. माणिकदादाची पत्रं आणि वर्दीतला फोटो तुम्ही जाताना नेलेत, ते. दुसरं, तुमच्या यजमानांनी दाखला दिल्याचं सहीनिशी लिहून द्यावं. मला त्यांच्याशी बोलायचं नाही. लिहून दिलं की पुरे.

आपला,
अंकुशराव बिरादार

*

जनवाडा
३ ऑक्टोबर २०२५

चि. अंकुश यास आशीर्वाद.

अडुसष्ट झालास तरी चिरंजीवच लिहिते. मी त्र्याहत्तरची हाय, मला तो हक्क हाय.

मसुद्यात चूक न्हाई. छाती माणिकची, दाखला शिवप्रसादचा. दोघं मिळून सरकारला एक पुरा माणूस भेटला. नवऱ्याचं नाव तोंडानं घेत न्हाईत, पण लिहायला बंदी न्हाई, म्हणून लिहिते. माझी तर गंमतच झाली. कागदावर दोन्ही नवऱ्यांचं नाव एकच.

तुला ठाऊक न्हाई म्हणून सांगते. चौऱ्याहत्तर साली लग्न झाल्यावर मी फौजेच्या ऑफिसाला कळवलं, की मी शिवप्रसाद बिरादार यांच्याशी दुसरं लग्न केलंय, नोंद करा. उत्तर आलं, "आपण त्यांच्या पत्नी असल्याची नोंद आधीच आहे. अर्जाचा हेतू कळवावा." मी हेतू कळवला न्हाई.

ह्यांनी लिहून द्यावं म्हणतोस. फौजेला खोटा दाखला दिला असं सही करून सांगायचं, आणि उद्या पोलीस आले तर? सत्त्याहत्तर वय हाय. दमा हाय. त्या दाखल्यापायी ह्यांनी जन्म काढलाय. मास्तरकीची जागा निघाली होती, दाखला मागितला. हेडमास्तर म्हणाले, हरवला म्हणून लिहून द्या, दुसरा देतो. हे म्हणाले, "हरवला न्हाई, दिलाय." मग काय, तीस वर्षं गुऱ्हाळावर गूळ ढवळला.

तुझं पत्र मी ह्यांना दाखवलं न्हाई. फोटो आणि पत्रं माझ्याजवळ हाईत. ती मलाच आलेली पत्रं हाईत. देणार न्हाई.

बाकी ठीक. स्थळ असंल तर खरंच बग, ज्योती बी.एड. करायली हाय.

नागूबाई

*

राजेश्वर
११ ऑक्टोबर २०२५

नागूबाई यांस,

पत्र मिळालं. पोलिसांचं म्हणाल तर मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, एवढ्या जुन्या गोष्टीवर कुणी काही करत नाही, उलट करायला गेलं तर फाईलच सापडणार नाही. तुमच्या यजमानांचा जीव सुरक्षित आहे. माझ्या भावाचा नव्हता.

हे मला लिहायचं नव्हतं. पण तुम्ही दाखल्यापायी जन्म काढल्याचं लिहिलंत, म्हणून लिहितो. आमच्या आईनं काय काढला तेही ऐका.

माणिकदादा गेल्याची तार आली पंधरा डिसेंबरला. ती शिवप्रसादच्या हातात पडली. त्यानं ती दोन दिवस खिशात ठेवली. सतराला वेळ अमावस्या होती, रानात पूजा मांडून गावाला जेवू घालायचा दिवस. सगळं घर रानात गेलं. कडब्याची कोपी करून आईनं पाच दगडांचे पांडव मांडले, भज्जी केली, आंबील केली, पोरगं लढाईवर आहे म्हणून त्याच्या वाटचं वेगळं मडकं भरून ठेवलं. गावाला बोलावून बोलावून जेवू घातलं, हसली. आणि तो माणूस पंगतीत वाढत होता. खिशात तार. सांजच्याला घरी आल्यावर सांगितलं.

आई त्यानंतर तेहतीस वर्षं जगली. आमच्या शेतात पुन्हा वेळ अमावस्या झाली नाही. ती म्हणायची, "पोरगं मेलेलं असताना त्यानं मला हसू दिलं." दाखला दिला ते तिनं माफ केलं असतं. हे केलं नाही. तुम्ही त्याच माणसाशी लग्न केलंत, म्हणून तुमचं तोंड बघितलं नाही.

तेव्हा लिहून द्यायचं की नाही ते बघा. मी पुन्हा मागणार नाही.

अंकुशराव

*

जनवाडा
२४ ऑक्टोबर २०२५

अंकुश,

दिवाळी झाली म्हणून उशीर. दुसरंबी एक कारण हाय, ते शेवटी सांगते.

तारेचं तुला अर्धंच ठाऊक हाय. माणिक शिवप्रसादच्या नावानं भरती झाला, म्हणजे बापाचं नावबी शिवप्रसादच्या बापाचंच लागलं. म्हणून तार तुमच्या घरी आली न्हाई, चुलत्याच्या घरी आली. चुलत्याला इंग्रजी येत न्हवतं. पोस्टमननं ती ह्यांच्या हातात दिली. हे सातवी पास, अक्षर अक्षर लावून वाचलं. शिवप्रसाद बिरादार लढाईत मेला, असं होतं. हे आधी हसले. पोस्टमनला म्हणाले, "बगा, मी मेलोय म्हणं." पोस्टमनबी हसला. तो सायकलवर बसून गेला तरी हे हसतच होते. मग ध्यानात आलं.

हे मला ह्यांनी लग्नानंतर नऊ वर्षांनी सांगितलं. एकदाच.

कामून लपवली म्हणून मीबी विचारलं होतं. म्हणाले, "काकूनं अमावस्येची तयारी मांडली होती. मला वाटलं, दोन दिवसांनी माणिक काय जास्त मरणार न्हाई." शहाणपण असंल, नसंल. चोवीस वर्षांचं पोर होतं.

तुझी आई हसली त्याचं तुला वाईट वाटतंय. मीबी त्या दिवशी हिरवं लुगडं नेसून चिंचेला बांधलेल्या झोक्यावर बसले होते. तूच झोका देत होतास. माझं पहिलं लग्न एक वर्ष सात महिने टिकलं. त्यात माणिक घरी राहिला एकावन्न दिवस. शेवटचे दोन दिवस त्या लग्नाला शिवप्रसादनं जोडून दिले. ते मी कुणाला परत देणार न्हाई.

आता दुसरं कारण. दिवाळीत ज्योतीनं कपाट आवरलं, तुझं पत्र ह्यांना सापडलं. वाचलं, घडी घातली, परत ठेवलं. काल स्वच्छ धोतर नेसून पहिल्या बसनं निघाले. दवाखान्यात जायलोय म्हणाले. दवाखान्याला कुणी टोपी घालून जात न्हाई. दुपारी आले आणि म्हणाले, "बीदरला ऑफिसात जाऊन आलो. सांगितलं मी जिवंत हाय."

मी विचारलं, काय म्हणाले?

"आधार कार्ड बगितलं. बसा म्हणाले."

पुढचं सांगत न्हाईत. तुला काही कळलं तर कळव.

नागूबाई

*

राजेश्वर
९ नोव्हेंबर २०२५

वहिनी,

कळलं. रेवणसिद्धप्पा आणि मी बीदरला जाऊन आलो. ऑफिसातले गृहस्थ सज्जन आहेत. त्यांनी शिवप्रसादचा अर्ज मला दाखवला. चार ओळींचा आहे. "मी शिवप्रसाद. यादीत मेलेला मी नाही. तो माणिक आहे. दाखला मी दिला, शिक्षा असेल तर मला द्यावी." खाली सही.

ते गृहस्थ म्हणाले, नावात दुरुस्ती होते. अर्ज स्वतः सैनिकानं करायचा. सैनिक नसेल तर त्याच्या पत्नीनं, सोबत पतीचा मृत्यूदाखला जोडून. मी म्हटलं, त्या पत्नीचा पती बाहेर बाकावर बसून गेला. ते म्हणाले, "हीच अडचण आहे." फाईल बंगळुरूला पाठवतो म्हणाले. तिथून दिल्लीला जाईल. किती दिवस लागतील विचारलं, तर त्यांनी माझं वय विचारलं.

दगड मात्र थांबत नाही. पंचायतीचं ठरलं की यादीत आहे तेच नाव कोरायचं. वर कन्नडमध्ये, खाली मराठीत. दोन्हीकडे शिवप्रसाद. मी बैठकीतून उठून आलो, पण त्यानं दगडाला काही फरक पडला नाही.

तुमचं मागचं पत्र मी तीनदा वाचलं. पोस्टमनचं ठाऊक नव्हतं. झोक्याचं विसरलो होतो.

कार्यक्रमाला या म्हणून कळवतो. पंचायतीतर्फे वीरपत्नीला शाल देतात. तुम्हाला द्यावी की नाही यावर दोन मतं पडली. रेवणसिद्धप्पा म्हणाले, बाईनं दुसरं लग्न केलं म्हणून पहिला नवरा काय कमी मेला काय? मग द्यायचं ठरलं.

शिवप्रसादलाही यायचं असेल तर येऊ द्या. मी अडवणार नाही.

अंकुश

*

जनवाडा
२० नोव्हेंबर २०२५

अंकुश,

मी येणार न्हाई. शाल माझ्याकडे हाय. मी आले तर लोक दगडाकडं बगणार न्हाईत, माझ्याकडं बगतील, आणि मला नीट ऐकूबी येत न्हाई. कुणी माझ्याविषयी काय म्हणलं ते मला ज्योतीला विचारावं लागंल.

हे येणार हाईत. मी नको म्हणलं. म्हणाले, "माझ्या नावाचा कार्यक्रम हाय, मी गेलो न्हाई तर बरं दिसंल काय?"

सोबत फोटो पाठवायले. देणार न्हाई म्हणले होते, पण आता पाठवते. मोठा करून लाव, मग परत दे. पत्रं देत न्हाई. शेवटच्या पत्रातलं थोडं उतरवून देते, ते तुझं तू वाच, सभेत वाचू नको. नोव्हेंबर एकाहत्तरचं हाय.

"इथं सगळे मला शिवा म्हणतात. कुणी हाक मारली की आधी मागं वळून बघतो, शिवप्रसाद आलाय काय म्हणून. मग ध्यानात येतं की मलाच बोलावतायत. अंकुशला म्हणावं, अभ्यास कर, दुसऱ्याच्या दाखल्यावर किती दिवस चालतंय."

ह्याच्यानंतर पत्र आलं ते त्याच्या फौजेतल्या साहेबाचं. त्यात होतं, की नाला पार करताना गोळीबार झाला, शिवप्रसादनं एका जखमी जोडीदाराला उचलून काठावर आणलं, आणि दुसऱ्याला आणायला परत पाण्यात उतरला. ते पत्र हे वाचून दाखवत होते. स्वतःचं नाव आलं की थांबायचे आणि माणिक म्हणायचे. सहा वेळा थांबले.

त्या दिवशी ह्यांना सकाळच्या गाडीनं बसवते. दम्याचं औषध खिशात असंल, त्याची त्यांना आठवण कर.

नागूबाई

*

राजेश्वर
१८ डिसेंबर २०२५

वहिनी,

शिवप्रसाददादा सुखरूप पोहोचले असतील. ते काही सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो.

मी स्टँडवर गेलो होतो. एकावन्न वर्षांनी समोरासमोर आलो. काय बोलायचं ते रस्त्यानं ठरवलं होतं, पण तोंडातून आलं ते, "बस वेळेवर आली काय?" ते म्हणाले, "पाच मिनिटं आधीच आली." मग आम्ही शाळेपर्यंत चालत गेलो. वाटेत त्यांनी दोन जुनी घरं ओळखली आणि तीन चुकवली.

शाळेच्या संध्याबाईंनी पोरांना आठ दिवस घोषणा शिकवल्या होत्या. तालुक्याच्या साहेबांनी पडदा ओढला. संध्याबाई माईकवर म्हणाल्या, "शहीद शिवप्रसाद बिरादार!" पोरं ओरडली, "अमर रहे!" तेवढ्यात दादा उठले. रेवणसिद्धप्पा त्यांचं धोतर धरून म्हणाले, "बसा, बसा, आत्ता न्हाई." ते थेट माईकजवळ गेले. बाईंनी माईक दिला. पाहुणे आभार मानतायत असं त्यांना वाटलं.

म्हणाले, "मी शिवप्रसाद. मी अमर न्हाई, मला दमा हाय."

लोक हसले. ते हसू संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "ह्यात जो मेलाय त्याचं नाव माणिक. माझा चुलत भाऊ. माझ्या दाखल्यावर गेला. तीन वर्षं माझ्या नावानं हजेरी दिली, माझ्या नावानं नाल्यात उतरला, माझ्या नावानं मेला. मी त्याच्या नावानं काय केलं? काही न्हाई. आज एवढं करायलोय. पोरांनो, माणिक म्हणा."

बाईंनी खूण केली. पोरांनी एवढा सराव केला होता की पुन्हा शिवप्रसादच म्हणाली. दुसऱ्या वेळी अर्धी अर्धी. तिसऱ्या वेळी बरोबर आलं. मागं बसलेल्या सिद्धव्वा आजी, त्या माणिकदादाच्या वर्गात होत्या म्हणे, त्या एकट्याच चौथ्यांदाही म्हणाल्या.

साहेब कन्नडमध्ये म्हणाले, यादीतलं नाव खोडायचा अधिकार कुणाला नाही. रेवणसिद्धप्पांनी विचारलं, "खोडत न्हाई. पण त्याच्या पुढं लिहू नका, असं कुठं लिहिलंय काय?" साहेबांनी सोबतच्या कारकुनाकडे बघितलं. कारकुनानं दगडाकडे बघितलं. काल सकाळी पाथरवट आला. आता दोन्ही भाषांत आहे, शिवप्रसाद ऊर्फ माणिक. जागा कमी पडली. माणिकमधला क अगदी काठाला गेलाय, आणि नाव थोडं खाली घसरलंय. पण वाचता येतं.

नंतर दादांना घरी जेवायला नेलं. भिंतीवर आईचा फोटो आहे. त्यांनी टोपी काढली आणि उभे राहिले. मग विचारलं, "काकूला शेवटी त्रास झाला काय?" मी नाही म्हणालो. ते खोटं होतं.

वहिनी, आता एक खरं सांगतो. एकाहत्तरच्या पंधरा डिसेंबरला मी शिवप्रसाददादाला आमच्या कडब्याच्या गंजीमागं रडताना बघितलं होतं. हातात कागद होता. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, डोळ्यात भुसा गेला. मला चौदावं वर्ष होतं, तेवढं कळत होतं की भुशानं माणूस असा हलत नाही. पण मी गप बसलो. मला झोका बांधायचा होता, अमावस्या हवी होती. म्हणजे दोन दिवस मीही लपवलं. पुढं आईचा राग बघून मी भ्यालो आणि तिला सांगितलं, "त्यानं तार दोन दिवस आधीच वाचली होती, मी बघितलंय." स्वतःचं सांगितलं नाही. नाहीतर तारेची तारीख आमच्या घरात कुणाला वाचता आली असती? तिचा सगळा राग त्यांच्यावर गेला. तुम्हाला घर सोडावं लागलं ते माझ्या तोंडामुळं.

हे मी दादांना जेवताना सांगितलं. ते भाकरी मोडत होते. म्हणाले, "मला ठाऊक हाय. तू गंजीमागनं पळत गेलास तेव्हा तुझी चप्पल तिथंच राहिली होती. मीच नंतर अंगणात आणून ठेवली."

मग आमटी मागितली. मी वाढली.

तुमचा,
अंकुश

*

जनवाडा
८ जानेवारी २०२६

चि. अंकुश यास,

पत्र पोचलं. हे आल्यापासून बरे हाईत. रोज दुपारी दोन तास झोपायलेत. पूर्वी अर्धा तासबी झोपत न्हवते. झोपेतून उठले की चहा मागतात आणि पेपर वाचतात. एवढाच फरक, पण मला कळतोय.

तुझ्या कबुलीचं मी काय लिहू? तू चौदाचा होतास, तुला झोका पाहिजे होता. मी एकोणीसची होते, मलाबी पाहिजे होता. तुझ्यामुळं घर सोडावं लागलं म्हणतोस, तर त्या घरात राहिले असते तर मी काय केलं असतं? तुझ्या आईला मी दिसले की माणिक दिसायचा. ती भाकरी वाढायची आणि तोंड फिरवायची. मी स्वतःहून गेले, अंकुश. तू घालवलं न्हाईस. एवढा मोठेपणा घेऊ नको.

एक गोष्ट सांगायची राहिली. मागच्या गुरुवारी मी राजेश्वरला येऊन गेले. ह्यांना सांगितलं न्हाई, ज्योतीलाबी न्हाई. बायकांना बस फुकट हाय, आधार कार्ड दाखवलं की झालं. बीदरला गाडी बदलली, हुमनाबादला बदलली. शाळा विचारत विचारत गेले. शाळा भरलेली होती. दगडापाशी कुणी न्हवतं. बरं झालं.

मी चष्मा लावून वाचलं. मग हात लावून बगितलं. नवीन अक्षरं अजून खरखरीत हाईत, बोटाला लागतात. जुनी गुळगुळीत केलेली हाईत. मी दोन्ही नावांवर हात फिरवला. किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. रडले न्हाई. रडायला बसायला जागा लागती, तिथं बाक न्हाई. पंचायतीला सांग.

तुमच्या संध्याबाई वर्गातून बाहेर आल्या. विचारलं, "आजी, तुम्ही ह्यांच्या कोण?"

मी म्हणलं, "बायको."

त्यांनी दगडाकडं बगितलं, मग विचारलं, "ह्यातल्या कुणाची?"

मी म्हणलं, "दोघांची."

बाईंना वाटलं, म्हातारीला ऊन लागलं. खुर्ची आणली, पाणी आणलं. शाळेचं पाणी चांगलं हाय. मी बसून प्याले. वर्गात पोरं पाढे म्हणत होती, ते मला ऐकू आलं. एवढ्या जोरात म्हणत होती.

परत स्टँडवर जाताना तुमच्या गल्लीच्या तोंडावरून रिक्षा गेली. रिक्षावाला म्हणाला, थांबवू काय? मी न्हाई म्हणलं. पण वाकून बगितलं. दार उघडं होतं. दारात एक म्हातारा माणूस तुरी निवडत बसला होता. मला वाटलं तुझे वडील. मग ध्यानात आलं, तू.

पुढच्या खेपेला उतरीन. चहात साखर घालू नका, मला गोड बंद हाय.

तुझी वहिनी,
नागूबाई